स्टेपनी हा पाहुणा आहे, त्याला घरजावई करू नका



बेणे, खत, पाणी यांवर आपल्या या अंकांतून नेहमीच चांगले लिहिले जाते. आज मी चाकावर लिहितो आहे. विषय किरकोळ वाटेल. पण घरातल्या लेकीसारख्या सुनेचा हात दीड महिना प्लॅस्टरमध्ये बघितला, म्हणजे किरकोळ काय आणि थोर काय हे आपोआप कळते.

गेल्या हंगामातली, नोव्हेंबरातली गोष्ट. आमचा पुतण्या पुण्याहून नव्या मोटारीने गावी येत होता. इंदापूर ओलांडल्यावर पुढच्या डाव्या टायरची बाजू दगडाने चिरली. त्याने डिकीतली स्टेपनी काढून लावली. ती मूळ चाकापेक्षा लहान आणि अरुंद होती. रिमवर पिवळी चिठ्ठी होती : तात्पुरत्या वापरासाठी, कमाल वेग ताशी ८० किलोमीटर. टेंभुर्णीत हवा बघायला थांबला तर पंक्चरवाले म्हणाले, "मालक, हे चाक घरला पोचण्यापुरतं हाय. उद्या टायर घालून घ्या."

दुसऱ्या दिवशी आमच्या फडात टोळी आली. आता टोळी आल्यावर कोण शेतकरी गाव सोडतो? मुकादम, ट्रॅक्टरवाला, चिटबॉय, काट्यावरची रांग, यांतच दिवस मावळतो. पुतण्याने विचारले, "काका, टायरचं काय करू?" मीच म्हणालो, "टोळी जाऊ दे, मग बघू. गाडी तर पळतीय की!" असे करता करता एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी तो बायकोला घेऊन सोलापूरला निघाला. अवकाळी पावसाची भुरभुर होती, अंधार पडला होता आणि काटा नव्वदीच्या पुढे होता. मोहोळच्या पुढे अचानक उसाची ट्रॉली दिसली, मागचे रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली, ट्रॉलीला चुकवून चारीत गेली. जीव वाचले, सुनेचा हात मोडला.

ती ट्रॉली कोणत्या कारखान्याची, हे आम्ही विचारले नाही. ऊस कुठल्या तरी सभासदाचाच होता. टायर बनवणाऱ्याला दोष द्यावा, तर त्याने चिठ्ठी चिकटवली होती. पंक्चरवाल्याने तोंडी सांगितले होते. राहता राहिलो आम्ही. म्हणून हा लेख.

जन्मच तात्पुरत्या कामासाठी

स्टेपनी हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत इतका रुळला आहे की तो मराठीच वाटतो. प्रत्यक्षात तो वेल्समधल्या लानेल्ली गावातला. पूर्वी मोटारीबरोबर जादा चाक मिळत नसे. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, टायर चढवलेली एक धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकावरच ती पकडींनी आवळायची आणि मुक्काम गाठायचा. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे स्टेपनीचा जन्मच वेळ मारून नेण्यासाठी झाला. मधल्या काळात पाचवे चाक इतर चारांसारखेच मिळू लागले आणि ते कितीही दिवस लावून फिरण्याची सवय आपल्याला जडली. हल्ली पुष्कळ मोटारींत पुन्हा लहान स्टेपनी येऊ लागली आहे. चाक बदलले, आपली सवय मात्र जुनीच राहिली.

लहान चाकाने बिघडते काय?

बैलगाडीचे एक चाक लहान घातले तर काय होईल, हे आपल्याला शिकवायला नको. मोटारीचेही तसेच आहे. लहान चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घ्यावे लागतात. ते ओढीच्या, म्हणजे इंजिनचा जोर लागणाऱ्या चाकांपैकी एक असेल, तर दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांतला फरक सांभाळायला डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत राबत राहते, तापते आणि झिजते. नव्या गाड्यांतली ब्रेकची यंत्रणा चारही चाकांचा वेग ताडून काम करते, तिचाही हिशेब चुकू शकतो. टायर अरुंद असल्याने रस्त्यावरची पकड कमी. ओल्या रस्त्यावर आणि वळणावर ती आणखी कमी.

वेगाचे गणितही समजून घ्यावे. ८० वरून १०० वर गेलो तर वेग सव्वापट होतो, पण ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दीडपटीहून जास्त होते. चांगल्या चार टायरांवरची ही गोष्ट. त्यात एक चाक लंगडे असेल तर काय, ते आम्ही चारीत बघितले. चौपदरी हमरस्त्यावर मोटारीला ताशी १०० ची मुभा असली तरी ती रस्त्याची मर्यादा झाली. आपल्या टायरची मर्यादा ८० असेल, तर आपल्याला ८०च. पाऊस, रात्र किंवा घाट असेल तर त्याहूनही कमी.

लावायची कशी, वागायचे कसे?

गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, सपाट आणि कठीण जागी घ्यावी. इशाऱ्याचे दिवे लावावेत, लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा, माणसे उतरवून रस्त्यापासून लांब उभी करावीत. हँडब्रेक ओढून समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावावा. नट आधी जमिनीवरच ढिले करावेत, मग जॅक चढवावा. नट आवळताना ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा. पन्नास-एक किलोमीटर गेल्यावर परत तपासावेत. निघताना तो दगड उचलून रस्त्याबाहेर टाकावा. आपण सोडलेला दगड रात्री एखाद्या मोटरसायकलवाल्याचा काळ ठरतो.

बहुतेक लहान मोटारींची ओढ पुढच्या चाकांवर असते. अशा गाडीचे पुढचे चाक बसले तर मागचे चांगले चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावावी, असे अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत सांगितलेले असते. खटपट दुप्पट होते, पण करावी. पुस्तिका डिकीत पडून असते, ती एकदा घरी वाचा. लहान स्टेपनी एका वेळी एकच लावायची. गाडीत गच्च माणसे आणि टपावर पोती नकोत.

हवेचेही तसेच. काही गाड्यांच्या अगदी बारीक स्टेपनीला ६० पौंड हवा लागते, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. किती, ते टायरवर किंवा दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते, ते बघूनच भरावी. डिकीत पडलेल्या चाकाची हवाही उतरते आणि रबरही म्हातारे होते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी ताजी दिसली म्हणून फसू नये.

कायदा काय म्हणतो?

स्टेपनी लावून जवळच्या दुकानापर्यंत जाणे हा गुन्हा नाही. तिचे कामच ते. पण मोटार वाहन कायद्याचे कलम १९० ध्यानात ठेवा. ज्या दोषाने वाहन धोक्याचे होते, तो दोष माहीत असून किंवा साध्या काळजीने कळण्यासारखा असून वाहन चालवले, तर दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यातून अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम चालवणाऱ्याला लागते, तसेच चालवू देणाऱ्या मालकालाही. आणि त्यात ट्रेलरचाही उल्लेख आहे, हे ट्रॉलीमालकांनी लक्षात घ्यावे. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे झिजून गोटा झालेला टायर 'स्टेपनीला चालतोय' हा हिशेब रस्त्यावर चालणारा नव्हे. जुलै २०२० पासून, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे साहित्य असलेल्या लहान मोटारींना स्टेपनी नसली तरी चालते. नवी गाडी घेताना डिकी उघडून बघा, आत चाक आहे की नुसता डबा. आणि टायरची बाजू चिरली तर त्या डब्याचा काही उपयोग होत नाही.

"हंगामात वेळ कुठला?"

हा प्रश्न खोटा नाही. तोडणी आली की शेतकऱ्याला मरायलाही सवड नसते, हे मी अनुभवाने जाणतो. शिवाय एका टायरला चार-पाच हजार मोजायचे, तर ऊसबिलाची वाट बघावी लागते, हेही खरे. पण आम्ही वाचवलेला एक दिवस पुढे दवाखान्याच्या दारात दीड महिन्याने वसूल झाला. ज्याला खरोखरच सवड नाही, त्याने गाडी दारात उभी ठेवावी आणि एस.टी.ने जावे. नवा टायर येईतो स्टेपनीवरची गाडी गावाबाहेर काढायची नाही, एवढा नियम घरात केला तरी पुरे.

कारखान्यालाही एक सुचवावेसे वाटते. गळीत हंगामापूर्वी वाहनमालकांशी करार होतात, त्या वेळी ट्रॉलीचे टायर, स्टेपनी आणि रिफ्लेक्टर यांची एकदा यार्डातच पाहणी व्हावी. रिफ्लेक्टर पुसायला एक ओले फडके पुरते. त्या रात्री ते कुणी फिरवले असते, तर आमच्या गाडीला चार पावले आधी ट्रॉली दिसली असती. आणि आमचे चाक धड असते, तर ती उशिरा दिसूनही चालले असते. दोन्हीकडे आपणच होतो.

पाहुणा आला की त्याचा मान ठेवावा, काम झाले की हसतमुखाने निरोप द्यावा. स्टेपनीचेही तेच. आज हा अंक खाली ठेवल्यावर डिकी उघडा, त्या पाहुण्याची हवा बघा. आणि तो आधीच चाकाच्या जागी ठाण मांडून बसला असेल, तर उद्या टोळीची वाट बघू नका.

— एक ऊस उत्पादक सभासद