विश्लेषण : पौर्णिमेच्या नावातच चंद्राचा पत्ता!

जून महिना आला की मोबाइलवर बातमी झळकते, ‘आज आकाशात दिसणार स्ट्रॉबेरी मून!’ एप्रिलमध्ये ‘पिंक मून’ असतो, जानेवारीत ‘वुल्फ मून’. सोबत भल्यामोठ्या गुलाबी चंद्राचे छायाचित्र असते. ते पाहून कुणी उत्साहाने गच्चीवर गेलेच, तर दिसतो तो नेहमीचाच चंद्र. मग दोन मिनिटांत माणूस खाली येतो आणि पुढच्या वेळी जातच नाही. खरे तर त्या प्रत्येक पौर्णिमेला आपल्याकडे नाव आहे. ते नुसते नाव नाही, तर त्या रात्री चंद्र कोणत्या ताऱ्यांजवळ शोधायचा याची ती खूण आहे. ती खूण वाचायला मात्र आपण विसरत चाललो आहोत.

‘स्ट्रॉबेरी मून’ आला कुठून?

ही नावे उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी आणि तिथे स्थायिक झालेले युरोपीय यांच्या वापरातून आली. तिथल्या पंचांगवजा वार्षिकांनी ती लोकप्रिय केली. जूनमध्ये तिथे रानातली स्ट्रॉबेरी पिकते, एप्रिलमध्ये फ्लॉक्स नावाची गुलाबी फुले येतात, ऐन थंडीत लांडग्यांची कोल्हेकुई ऐकू येते. म्हणून ती नावे. त्यांचा चंद्राच्या रंगाशी काही संबंध नाही. त्या लोकांनी आपल्या आजूबाजूला पाहून नावे ठेवली, त्यात चूक काहीच नाही. पण जूनमध्ये महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी नसते, पाऊस असतो. उसन्या नावामुळे आपल्याला ना आपला ऋतू कळतो, ना आकाश.

मराठी महिने काय सांगतात?

पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले आहे. चैत्रात चित्रा, वैशाखात विशाखा, ज्येष्ठात ज्येष्ठा, आषाढात पूर्वाषाढा-उत्तराषाढा, श्रावणात श्रवण, भाद्रपदात पूर्वा-उत्तरा भाद्रपदा, आश्विनात अश्विनी, कार्तिकात कृत्तिका, मार्गशीर्षात मृगशीर्ष, पौषात पुष्य, माघात मघा आणि फाल्गुनात पूर्वा-उत्तरा फाल्गुनी.

म्हणजे हनुमान जयंतीचा चंद्र चित्रेपाशी, वटपौर्णिमेचा ज्येष्ठेपाशी, त्रिपुरी पौर्णिमेचा कृत्तिकांपाशी. दर वर्षी तो नेमका त्याच ताऱ्याला चिकटून असेल असे नाही. कधी शेजारच्या नक्षत्रातही असतो. पण पत्ता साधारण बरोबर निघतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मराठीतच लिहिलेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे ज्ञान आपल्या भाषेत नाही, अशी सबब त्यामुळे चालणार नाही.

मृगाचा पाऊस जूनमध्ये, मग मृगातला चंद्र डिसेंबरमध्ये कसा?

७-८ जूनला ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा मृगात सूर्य असतो. त्यामुळे मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात, मावळतात आणि दिसत नाहीत. पौर्णिमेला चंद्र आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो. सहा महिन्यांनी सूर्य मृगाच्या विरुद्ध बाजूला गेला, की पौर्णिमेचा चंद्र मृगाच्या परिसरात येतो. तीच मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्त जयंती.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडते. जूनमध्ये दुपारचा सूर्य महाराष्ट्रात जवळपास डोक्यावर असतो, डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे कललेला असतो. पौर्णिमेच्या चंद्राचे नेमके उलटे. दत्त जयंतीचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर येतो, वटपौर्णिमेचा दक्षिणेकडे खालून जातो. हे पाहायला दुर्बीण लागत नाही, फक्त वर्षातून दोनदा वर पाहावे लागते.

‘ब्लू मून’ आणि अधिक मास यांचा संबंध काय?

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे १२ महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ दिवस आधी. ही तूट साठत जाते आणि साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. तोच अधिक मास.

इंग्रजी कॅलेंडर ही तूट भरत नाही. त्यामुळे कधी तरी एकाच महिन्यात दोन पौर्णिमा येतात आणि दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. ही व्याख्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकी मासिकातील १९४६ च्या लेखात झालेल्या चुकीतून रूढ झाली. चंद्र निळा दिसत नाही. दोन्हींमागचा हिशेब एकच आहे. १९ वर्षांत इंग्रजी महिने २२८ आणि पौर्णिमा २३५, म्हणजे ७ जास्त. त्याच १९ वर्षांत अधिक मासही ७ येतात.

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि मे महिन्यात १ आणि ३१ तारखेला पौर्णिमा. ३१ मेच्या बातमीला ‘ब्लू मून’ असा मथळा शोभेल; पण त्या रात्री चंद्र ज्येष्ठा या लालसर ताऱ्याच्या अगदी जवळ असतो, ही खरी पाहण्याजोगी गोष्ट आहे.

‘सुपरमून’ खरेच मोठा असतो का?

हा शब्द खगोलशास्त्रज्ञांचा नाही. रिचर्ड नोल या अमेरिकी फलज्योतिषाने तो १९७९ मध्ये वापरात आणला. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याचे अंतर साधारण ३ लाख ५७ हजार ते ४ लाख ६ हजार किलोमीटर असे बदलते. सर्वात जवळची पौर्णिमा सर्वात दूरच्या पौर्णिमेपेक्षा व्यासाने सुमारे १४ टक्के मोठी आणि सुमारे ३० टक्के तेजस्वी असते. पण दोन चंद्र शेजारी ठेवून पाहता येत नाहीत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना हा फरक सहसा जाणवत नाही.

उगवतीचा चंद्र मोठा वाटतो, तो मात्र दृष्टिभ्रम. हात लांब करून करंगळी धरा. क्षितिजावरचा चंद्र तिच्याआड जातो आणि डोक्यावर आलेलाही तेवढाच जातो.

पौर्णिमेला आकाश पाहावे का?

चंद्रावरची विवरे पाहायची असतील तर पौर्णिमा ही सर्वात वाईट रात्र. तेव्हा सूर्यप्रकाश समोरून पडतो आणि सावल्या नाहीशा होतात. शुद्ध सप्तमी-अष्टमीला प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर साधी द्विनेत्री रोखली, तर विवरांच्या कडा उठून दिसतात. मंद तारे आणि आकाशगंगा पाहायची, तर अमावास्येची रात्र हवी.

पौर्णिमेचा उपयोग वेगळा आहे. ती सुरुवात करण्याची रात्र आहे. पंचांगात पौर्णिमा समाप्तीची वेळ पाहा. चंद्र नेमका पूर्ण होतो तो क्षण तोच. रात्री चंद्र हाताआड किंवा इमारतीच्या कडेआड ठेवा आणि जवळचा ठळक तारा शोधा. चित्रा, ज्येष्ठा आणि मघा हे तारे चांदण्यातही दिसतात. दुसऱ्या रात्री त्याच ताऱ्यापासून चंद्र किती सरकला ते पाहा. साधारण १३ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडे जास्त. तो उगवतोही सरासरी ५० मिनिटे उशिरा. रोज एक नक्षत्र म्हणतात ते हेच. महिनाभर असे पाहिले तर पंचांग पाठ करावे लागत नाही, ते दिसते.

मग अडथळा कशाचा?

उजेडाचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रदूषित आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसतच नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकातील २०२३ च्या अभ्यासात २०११ ते २०२२ या काळातील सामान्य नागरिकांच्या, मुख्यतः युरोप-अमेरिकेतील, नोंदी तपासल्या गेल्या. आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. या वेगाने, जिथे मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते १८ वर्षांचे होईपर्यंत जेमतेम १०० उरतील. आपल्या शहरांतल्या मुलांना पुष्य किंवा अश्विनी हे पंचांगातले शब्दच वाटतात, कारण ते तारे मंद आहेत आणि घरावरून दिसत नाहीत.

यावर उपाय नाही असे नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील काही गावांतले पथदिवे फक्त जमिनीकडे प्रकाश टाकतील असे बदलण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त हवा तिथे पडू लागला. शहरांनी नवे दिवे बसवताना एवढी एक अट घातली तरी पुष्कळ होईल.

आपल्या हातात काय?

कोजागिरीला आपण चंद्राच्या प्रकाशात दूध आटवतो म्हणतो, आणि गच्चीवर लखलखीत हॅलोजन लावून बसतो. या कोजागिरीला सोसायटीने तो दिवा निदान अर्धा तास बंद ठेवावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तोवर दूधही आटेल. आणि बातमी देणाऱ्यांनी ‘स्ट्रॉबेरी मून’ जरूर लिहावे, पण खाली एक ओळ जोडावी : आज ज्येष्ठ पौर्णिमा, चंद्राजवळचा लालसर तारा ज्येष्ठा. गच्चीवर गेलेल्या माणसाला मग तिथे शोधायला काही तरी असेल.