काळा डाग दिसेपर्यंत थांबू नका

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोचला. लाट ओसरली आणि लोक तो विसरले. बुरशी मात्र कोठेही गेलेली नाही. कोरोनापूर्वीही ती आपल्याकडे होती आणि साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्याला आजही गाठते. मूत्रपिंड बदललेले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे, दीर्घकाळ स्टिरॉईडवर असणारे रुग्णही तिच्या तावडीत सापडतात.

मुळात नावच फसवे आहे. म्युकर ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते, मग तेथील मांस मरून काळे पडते. म्हणजे टाळूवर काळा डाग दिसला, की उशीर झालेला असतो. सुरुवात होते ती एकाच बाजूचा गाल दुखणे वा बधिर होणे, नाकातून रक्तमिश्रित पाणी, दात हलणे, एका डोळ्यावर सूज, अशी. मधुमेही माणूस सर्दी समजून अंगावर काढतो. आणि आम्ही डॉक्टरमंडळीही (कबूल करायला हवे) सायनस म्हणून अँटिबायोटिक देऊन आठवडा घालवतो. बुरशीवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

माझी खरी तक्रार तपासणीविषयी आहे. नाकात दुर्बीण घालून तुकडा काढतात आणि सगळाच्या सगळा फॉर्मालिनमध्ये घालून शहरात पाठवतात. रिपोर्टला काही दिवस लागतात. शिवाय फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते, त्यामुळे प्रयोगशाळेत ती वाढवून पाहणेही संपले. निम्मा तुकडा सलाईनमध्ये ठेवून त्याच दिवशी पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर म्युकरचे रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे तंतू तासाभरात दिसू शकतात. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे तंतू बारीक आणि पडदे असलेले. हा फरक औषधासाठी महत्त्वाचा. ॲस्परजिलसवरचे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तेथे ॲम्फोटेरिसिन आणि तातडीची शस्त्रक्रिया लागते. रक्ताची गॅलॅक्टोमॅनन चाचणी महाग आहे, पण म्युकर तिच्यात सापडत नाही.

क्षयाचा बेडका तपासायला सूक्ष्मदर्शक तालुक्याला आहेच. रसायन स्वस्त आहे. कमी आहे तो ओळखणारा डोळा, आणि तंत्रज्ञांना ते शिकवण्याचे काम जिल्हा रुग्णालयाने अंगावर घ्यावे. तोवर, आपल्या माणसाचा असा तुकडा काढला, तर ‘डॉक्टर, बुरशीसाठी आजच पाहणार ना?’ एवढे विचारायला वाचकांनी संकोचू नये.