संपविलेले खेळ

सरत्या वर्षाचा जमाखर्च वाचकांपुढें मांडण्याची या सदराची रीत जुनी आहे. कधीं आम्हीं वाचलेल्या ग्रंथांची यादी दिली, कधीं पाहिलेल्या तीर्थांची. एके वर्षीं तर ज्या औषधांनीं गुण आला नाहीं त्यांचीहि दिली. यंदाचा जमाखर्च ऐकून आमचे कित्येक समवयस्क नाकें मुरडतील हें आम्ही जाणून आहों. कारण यंदा आम्हीं जे संपविले ते ग्रंथ नव्हेत, व्हिडिओ गेम होत. एकंदर चार शेवटास नेले, एक अर्धवट टाकला, आणि एक असा निघाला कीं तो मुळीं संपतच नाहीं.

या वयांत ही बुद्धि कोठून सुचली, तें प्रथम सांगितलें पाहिजे. संक्रांतीच्या सुमारास माटुंग्याच्या आमच्या जुन्या घरास रंग द्यावयाचें ठरलें, आणि माळ्यावरील ट्रंक खालीं आली. तींत शाळेंतील जुनीं टिपणवह्या-पुस्तकें होतीं, आणि त्यांच्या तळाशीं रुमालांत गुंडाळलेला एक करड्या रंगाचा 'ब्रिक गेम' होता. तीस वर्षांपूर्वीं हीं यंत्रें मुंबईंत पदपथावरहि विकत मिळत. दोन पेन्सिल सेल घातले कीं इवल्याशा पडद्यावर वरून ठोकळे पडूं लागत, ते फिरवून ओळीनें रचावयाचे. रुमालाला आमच्याच हस्ताक्षरांतील चिठ्ठी टांचलेली होती: 'नववी ब. वार्षिक परीक्षेनंतर परत देणें. मार्च १९९६.' परीक्षा झाली. ज्याचें यंत्र तो मुलगा नापास झाला. जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं. आणि परत देण्याचें आमच्याकडून राहिलें तें राहिलेंच.

सेल घालतांच यंत्र चालूं झालें. सहज म्हणून बसलों, तों तीन मिनिटांत ठोकळे माथ्यापर्यंत चढले. पुनः बसलों, पुनः तीच गत. मागें इयत्ता आठवींतील आमचा नातू उभा होता. त्या दिवसांत त्याचें आमचें बोलणें 'तें बंद कर' एवढ्या तीन शब्दांवर येऊन ठेपलें होतें. तो म्हणाला, "आजोबा, हा गेम संपत नाहीं. संपणारा पाहिजे असेल तर मी दाखवतो." दुसऱ्याच्या ग्रंथाचें खंडन करण्यापूर्वीं तो सबंध वाचावा, हा पाठशाळेंतील पहिला धडा. तो आम्हीं या विषयांत कधींच पाळला नव्हता. म्हणून ठरविलें कीं एक वर्ष खेळावयाचें, आणि मग बोलावयाचें.

नातू म्हणाला तें खरें होतें. ठोकळ्यांचा तो मूळ खेळ म्हणजे टेट्रिस. तो १९८४ सालीं मॉस्को येथील अलेक्सी पाजित्नोव्ह या संगणकतज्ज्ञानें रचिला. खेळणारा हरला म्हणजे खेळ थांबतो. जिंकण्याची सोयच नाहीं. २१ डिसेंबर २०२३ रोजीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांतील एका १३ वर्षांच्या मुलानें १९८९ सालच्या निन्टेन्डो आवृत्तींत एवढी मजल मारली कीं यंत्रच थिजून उभें राहिलें. मनुष्याच्या हातून असें प्रथमच घडलें, म्हणून जगभर त्याची वार्ता झाली. चौतीस वर्षांनीं एका मुलानें यंत्रास दमविलें. बाकीच्या आपणां सर्वांस यंत्र दमवितें.

आम्हीं शेवटास नेलेला पहिला खेळ 'मॉन्युमेंट व्हॅली'. हा लंडन येथें तयार होऊन २०१४ सालीं बाहेर आला. एशर नांवाच्या डच चित्रकाराच्या चित्रांत जशा वर चढतां चढतां खालीं उतरणाऱ्या पायऱ्या असतात, तशा अशक्य इमारती यांत आहेत. त्या फिरवून आयडा नामक मुक्या राजकन्येस वाट करून द्यावयाची. प्रकरणें दहा, आणि मरण कोठेंच नाहीं. सातव्या प्रकरणावर आम्ही दोन दिवस अडलों होतों. आमच्या सौ. गहूं निवडतां निवडतां म्हणाल्या, "अहो, तो खांब अगोदर फिरवा ना!" आणि खांब फिरवितांच वाट जुळली. पुढील प्रकरणें त्यांनींच सोडविलीं. ज्यांनीं जन्मभर ठिपक्यांच्या रांगोळ्या घातल्या, त्यांस ही विद्या नवी नव्हती.

दुसरा 'अ शॉर्ट हाइक', सन २०१९ चा. क्लेअर नांवाची एक पक्षिकन्या सुटीला एका बेटावर आली आहे. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहावयाची आहे, आणि फोन लागतो तो फक्त डोंगराच्या माथ्यावर. म्हणून ती चढूं लागते. वाटेंत कोणाचें हरवलेलें शोधून दे, कोणाशीं शर्यत लाव, असें करीत सोनेरी पिसें जमवावयाचीं. खेळाचा शेवट फोडूं नये असा या मंडळींत संकेत आहे, असें नातू बजावतो; परंतु आमचे वाचक रामायणाचा शेवट ठाऊक असूनहि तें दरसाल वाचणारे आहेत, म्हणून सांगतों. माथ्यावर फोन येतो तो आईचा. तिची शस्त्रक्रिया झालेली असते आणि ती सुखरूप असते. तें पाहतांना आमच्या सूनबाई दाराशीं उभ्या होत्या. त्यांच्या मातोश्रींची शस्त्रक्रिया त्याच महिन्यांत झाली होती. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या दिवसापासून "मामंजी, पुरे झालं आतां" हें वाक्य आमच्या कानीं आलें नाहीं.

तिसरा 'जर्नी', सन २०१२ चा. वाळवंटांत एक झगा पांघरलेला यात्रेकरू, आणि दूर एक प्रकाशमान शिखर. वाटेंत दुसरा यात्रेकरू भेटतो. तो पृथ्वीच्या पाठीवर कोठें तरी बसलेला खराच मनुष्य असतो. बोलतां येत नाहीं, नांव कळत नाहीं. फक्त एक मंजुळ नाद काढतां येतो. दोघे जवळ जवळ चालले कीं उपरण्यांत पुनः बळ भरतें. आम्ही बर्फांत मागें पडलों तेव्हां आमचा सोबती परतून आला आणि आमच्या चालीनें चालूं लागला. पंढरीच्या वाटेवर एकमेकांस माउली म्हणतात, तेथेंहि कोणी कोणाचें कूळ विचारीत नाहीं. खेळ संपल्यावर सोबत्याचें नांव पडद्यावर उमटतें. तोंवर तो निघून गेलेला असतो.

चौथा घरचाच. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें तयार केला. २०१७ सालीं लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि २०२० सालीं तो जगापुढें ठेविला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी आपल्या धाकट्या भावास, गोलूस, असुरांच्या हातून सोडविण्यास निघते. दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचें शार्ङ्ग धनुष्य तिला मिळतें. मधली कथा बाहुल्यांच्या छायाखेळांतून उलगडते. राजवाडे राजस्थानी थाटाचे. पाहून धन्य वाटलें. शेवट मात्र अर्ध्यावर सोडल्यासारखा आहे, एवढा दोष नोंदविणें भाग आहे.

अर्धवट टाकला तो १९८९ सालचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर यानें आपल्या भावाच्या धांवण्या-उडण्याचें चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली. म्हणून तो खरोखरीच्या मनुष्यासारखा पळतो. साठ मिनिटांत राजकन्या सोडविली पाहिजे. आमचा राजपुत्र खळग्यांतील सुळ्यांवर इतक्या वेळां पडला कीं शेवटीं त्याची दया येऊन आम्हीं खेळ मिटला.

आतां या सर्वांतून आम्हांस जें कळलें तें सांगतों. राजीच्या खेळांतील महाबलासुरापुढें आम्ही किती वेळां पडलों याची मोजदाद नाहीं. प्रत्येक वेळीं खेळानें आम्हांस थोडें मागें नेऊन उभें केलें, आणि वाट मोकळी ठेविली. शेरा नाहीं, लाल शाई नाहीं. नातू शेजारीं बसे. त्यानें एकदांहि यंत्र आमच्या हातून ओढून घेतलें नाहीं. तो एवढेंच म्हणे, "आजोबा, उडी मारायच्या आधीं त्याचा हात बघा." आम्हीं छत्तीस वर्षें मुलें शिकविलीं. इतक्या धीरानें आम्हीं कोणास शिकविलें असेल असें आम्हांस आठवत नाहीं.

तेव्हां ट्रंकेंतील चिठ्ठी पुनः डोळ्यांपुढें आली. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप मंडळांतून आम्हीं त्या मुलाचा शोध केला. श्रावणांत एका रविवारीं तो आला. आतां चव्वेचाळीस वर्षांचा. लिफ्ट दुरुस्तीचा स्वतःचा धंदा करतो. यंत्र पुढें ठेवतांच तो प्रथम हंसला, मग म्हणाला, "सर, हें माझं नव्हतं, मावसभावाचं होतं. घरीं हरवलं म्हणून सांगितलं, तेव्हां वडिलांनीं खूप मारलं होतं." आम्हीं विचारलें, "मग परीक्षेनंतर न्यावयास कां आला नाहींस?" तो म्हणाला, "निकाल लागला होता ना, सर. तोंड कसं दाखवणार?"

त्या मुलास पुनः वर्गांत बोलावून आणण्याचें काम आमचें होतें. त्याचा पत्ता हजेरीपटांत होता आणि त्याचें घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. आम्हीं त्यास म्हटलें, "चूक आमची होती. क्षमा कर." तो संकोचून पाया पडावयास वांकला. आम्हीं त्यास उठवून चहा दिला. मग तो आणि आमचा नातू ते ठोकळे रचीत बसले. त्याचे गुण आम्हां दोघांहून दुपटीनें अधिक झाले. जातांना तो यंत्र मुलीसाठीं घेऊन गेला.

असो. गृहस्थांस आमचें सांगणें थोडें आहे. मुलगा कोणता खेळ खेळतो हें विचारतांना प्रथम हें विचारावें कीं, त्यास शेवट आहे काय? ज्यास शेवट आहे तो कादंबरीसारखा. तो एक दिवस मुलास मोकळें करतो. ज्यास शेवट नाहीं, तेथें वेळेचा बांध घरानें घातला पाहिजे. आणि तो बांध डावाच्या मध्यावर नव्हे, टप्पा संपल्यावर घालावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत खेळाच्या व्यसनास विकार म्हणून स्थान आहे. परंतु त्याचें लक्षण केवळ खेळणें हें नव्हे. ताबा सुटणें, इतर सर्व कामांहून खेळ मोठा होणें, हानि दिसत असूनहि तो चालूं ठेवणें, आणि हें सामान्यतः वर्षभर टिकणें, हीं तीं लक्षणें होत. आणि ज्यांत पैसा लावावा लागतो तो खेळ घरांत नकोच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याचा विलाप आहे. संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें पैशावरील ऑनलाइन खेळ निषिद्ध केले. एवढ्या दीर्घ काळांत फांसे बदलले, विलाप तोच राहिला.

आणखी एक. जमल्यास एक खेळ मुलाशेजारीं बसून शेवटपर्यंत खेळावा, आणि त्यास शिकवूं द्यावें. आमच्या घरीं 'तें बंद कर' हे शब्द आतां क्वचित् निघतात. त्यांच्या जागीं 'कोठवर आलास?' असा प्रश्न असतो, आणि त्यास उत्तर मिळतें. पुढील वर्षाचा पहिला खेळ नातवानें निवडून ठेविला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनीं आम्हांस रोज एक तासाची परवानगी दिली आहे. ती पाळण्याचें काम सौ.कडे आहे.