आकड्यांचा पत्ता
१८८० साली संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना विचारलं, आकडे तुमच्या मनात कसे दिसतात? काहींनी चक्क नकाशे काढून दिले: बारापर्यंत घड्याळासारखी गोलाई, पुढे वळणं, चढ. प्रत्येकाची वाट वेगळी. १९९३मध्ये संशोधक स्तानिस्लास दहान यांच्या प्रयोगांत सम-विषम ओळखताना लहान अंकांना डावा हात चपळ ठरला, मोठ्यांना उजवा. डावी-उजवी बाजू तर प्रश्नात नव्हतीच! उजवीकडून वाचणाऱ्या इराण्यांत हा कल क्षीण दिसला. वाचनाची सवय इतकी खोल जाते, याचं मला फार अप्रूप वाटतं. पाढे घोकून घेताना मुलांच्या मनातली आकड्यांची ही जागा आपण कधी विचारातच घेत नाही. शिक्षकांनी वर्गात गाल्टनचा प्रश्न जरूर विचारावा आणि मुलांनी काढलेले नकाशे आमच्याकडे पाठवावेत.