दादीची भाषा, राजपुरीची जेटी

मीरा रोडला आम्ही आलो तेव्हा नया नगरच्या पुढे मोकळी मिठागरं दिसायची. आता गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते. या इमारतींमध्ये कोकणातली घरं किती, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण दारावरच्या पाट्या वाचत जिना चढलं तर मुकादम, पारकर, खोत, सरखोत, काझी, खतीब अशी आडनावं भेटतात. मधेच एखादे देशमुखही. कुरिअरवाला हमखास विचारतो, "देशमुख? आणि मुसलमान?" आता आम्ही नुसतं हसतो. सगळी वंशावळ दारात उभं राहून कुठवर सांगायची?

आमच्या गावच्या जमातीचे मुंबईतले लोक वर्षातून दोनदा भेटतात. वर्गणी, गावच्या मशिदीची डागडुजी, कुणाच्या मुलीच्या लग्नाला मदत, कब्रस्तानाच्या कुंपणाचा खर्च, हेच विषय. आम्ही बरीच वर्षं वर्गणी पाठवून मोकळे होत होतो. मुलं लहान, रविवार एकच, आणि तिथे जाऊन वडीलधाऱ्यांची भांडणं कोण ऐकणार! दोन वर्षांपूर्वी वडील अल्लाहला प्यारे झाले. मय्यतीला बोरिवलीपासून मुंब्र्यापर्यंतचे गाववाले दोन तासांत हजर. त्यातल्या निम्म्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती, त्यांना मात्र आमच्या मुलांची नावं माहीत होती. लाज वाटली. पुढच्या बैठकीला गेलो, आणि नवीन आलेल्यावर टाकतात ते काम आमच्यावर आलं: कुटुंबांची सहल.

बैठकीत वाद झालाच. बायका-मुलींना घेऊन बस करायची की नाही, यावर अर्धा तास गेला. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "गावाला जाताना आगबोटीत बायका काय वेगळ्या बोटीने येत होत्या?" विषय संपला. दुसरा वाद आम्हाला जास्त लागला. पत्रक मराठीत काढू म्हणालो, तर एक तरुण सदस्य म्हणाला, उर्दूत काढा, आपली कोकणी-मराठी म्हणजे अडाण्यांची बोली. त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरात तरी काय चाललं होतं? मुलं शाळेत इंग्रजी, मक्तबात उर्दू, इमारतीखाली हिंदी. मराठी म्हणजे शाळेतला एक पेपर. आणि आईची कोकणी? ती फक्त आईची. आम्ही तिला आईच म्हणतो. 'अम्मी' हा शब्द आमच्या मुलांपासून घरात आला. आई कोकणीत बोलते, नातवंडं हिंदीत उत्तर देतात, मधे आम्ही दुभाषे. हल्ली तीही त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलू लागली होती. आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पत्रक मराठीत निघालं, सहल मुरूड-जंजिऱ्याला ठरली. डिसेंबरातला रविवार. फज्रची नमाज पढून बस सुटली. घोडबंदर रस्त्याला लागताना मुलांना सांगितलं की या घोडबंदरचं नाव घोड्यांवरून पडलं. अरबस्तानातले घोडे या खाडीच्या बंदरात उतरायचे. मुलगा म्हणाला, "आणि आता ट्रॅफिक उतरतो." खोटं नव्हतं. ठाण्यापर्यंत दीड तास गेला.

पेण, अलिबाग, रेवदंडा मागे पडलं तशी आई खिडकीला चिकटली. नारळाच्या वाड्या सुरू झाल्या होत्या. बसमध्ये डबे उघडले. कुणाची तांदळाची भाकरी आणि सुकट, कुणाचे घावन, एका खालांनी तर पहाटे उठून सांदणं वाफवून आणली होती, तांदळाचा रवा, नारळाचं दूध, वर भरपूर साखर. आमच्या मुलीने चिप्सचं पाकीट गुपचूप पिशवीत परत टाकलं.

किल्ल्यावर जायच्या होड्या राजपुरी गावातून सुटतात. शिडाची होडी, वर माणसं दाटीवाटीने. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि तिथे हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकायचं असतं. आईचे गुडघे पाहता ती जाणार नव्हती. आमच्यापैकी एकाने मुलांना घेऊन जायचं, एकाने जेटीवर थांबायचं असं ठरलं.

किल्ल्यात गेलेल्यांनी जे पाहिलं ते मुलांनी नंतर दहादा सांगितलं. दरवाज्याजवळ दगडात कोरलेला, पंजांत हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी. कलाल बांगडी तोफ. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचा तलाव. होडीवाल्याने सांगितलं, जंजिरा हा शब्द अरबीतल्या 'जझीरा'वरून, म्हणजे बेट. तेव्हा मक्तबात अरबी वाचणारी मुलगी ओरडली, "हा तर मला येतो!" इथले सिद्दी मूळचे हबशी, आफ्रिकेतून आलेले, म्हणून या मुलखाला हबसाणही म्हणत. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. दर्यावरून माणसं आली, तशीच इथून दर्यावर गेली. आमच्याकडचे लोक जहाजांवर खलाशी होते, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रत्नागिरी-कुलाब्याच्या गावांतून कितीतरी जण दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन राहिले. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांतही काही घरांत कोकणी टिकली, हे ऐकून मुलाने विचारलं, "मग मीरा रोडला का नाही टिकली?" याचं उत्तर होडीत कुणी दिलं नाही.

इकडे जेटीवर वेगळीच गंमत चालली होती. शहाळी विकणाऱ्या एका बाईंनी आईला बसायला स्टूल दिलं आणि कुठलं गाव म्हणून विचारलं. आईने दापोलीकडचं आमचं गाव सांगितलं. मग जे सुरू झालं ते पाऊण तास थांबलं नाही. आगोटीची भरणी, खळ्यात वाळत घातलेली सुकी मासळी, पावसात निसरडी होणारी पाखाडी, पडवीत झोपणारी म्हातारी माणसं. आई हातवारे करत होती, हसत होती, मधेच त्या बाईंना टोकतही होती की आमच्याकडे हे असं म्हणत नाहीत, तसं म्हणतात. ही बाई आमच्या घरात दिवसभर खिडकीत तसबीह घेऊन गप्प बसते, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आम्ही तिला शांत स्वभावाची समजत होतो. तिच्याशी बोलणारंच घरात कुणी उरलं नव्हतं.

होडी परत आली तेव्हा मुलं धावत आली आणि पाच पावलांवर थबकली. दादीचा असा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. जोहरची नमाज पढून बसमध्ये बसलो, तेव्हा मुलाने तिला विचारलं, "दादी, पाखाडी क्या होता है?" तिने सांगितलं, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, आपल्या घरापासून मशिदीपर्यंत जाते ती. "अजून आहे?" "असेल की."

आहे की नाही हे आम्हालाही नक्की ठाऊक नाही. गावचं घर वडिलांच्या आजारपणापासून बंद आहे. कौलं किती उरली कोण जाणे. भावंडांमध्ये ते विकायचं ठरत आलंय, गिऱ्हाईक आहे, आमच्या सहीचाच कागद अडलाय. कारणं सगळी खरी आहेत: दुरुस्ती परवडत नाही, राहायला कुणी जात नाही, मुलांच्या शिक्षणाला पैसा लागतो. सहलीआधी आम्ही सही करणार होतो. आता भावांना सांगितलंय, मे महिन्यापर्यंत थांबा. ते नाराज आहेत, आणि त्यांचं चुकतंय असं म्हणायची आमची हिंमत नाही.

रोज रात्री जेवताना अर्धा तास दादीशी तिच्याच भाषेत बोलायचं, असा नियम घरात केला. पहिल्या आठवड्यात मुलगी कंटाळली, मुलगा चुका करत राहिला, आई चुका काढून हसत राहिली. एक दिवस तो रुसून उठून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तिने त्याच्या ताटात स्वतःहून भाकरी वाढली आणि कोकणीतच विचारलं, मीठ बरोबर आहे ना? त्याने कोकणीतच सांगितलं, कमी आहे.

मे महिन्याची गाडीची तिकिटं काढली आहेत, पाच जणांची. गावच्या घराची चावी कुठे आहे हे आम्ही सगळे शोधत होतो. ती आईच्या तसबीहच्या डबीत निघाली.