'टफ' म्हणजे नेमकं काय?

मित्रहो, परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलच्या जिन्यात पाच मिनिटं उभं राहा आणि नुसतं ऐका. "पेपर कसा गेला?" "टफ!" "सबमिशन?" "टफ!" "व्हायवा?" "लई टफ!" मेसची पोळीसुद्धा टफच. चार वर्षांतला सगळा त्रास आपण दोन अक्षरांत कोंबून टाकला आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं? शब्दच तर आहे. पण माझं मत वेगळं आहे. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटलं तर तो बिचारा गोळी कशाची देणार? कुठे दुखतं, कधी दुखतं, ठणकतं की चमक मारते, हे सांगावं लागतं. अभ्यासाचंही तसंच आहे. काय अवघड आहे हे नेमकं सांगता आलं नाही, तर उपाय सापडत नाही. आणि गंमत म्हणजे हे सांगायला लागणारे शब्द आपण घरून घेऊन आलेलो असतो. ते हॉस्टेलच्या गेटवर ठेवून आत येतो, एवढंच!

आता बघा. हिंगोली, वसमत म्हटलं की हळद आली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या हळदीचं काम ज्यांच्या घरी चालतं त्यांना विचारा, ते सगळ्या कामाला एकच शब्द वापरणार नाहीत. हळद काढणं कष्टाचं. शिजवणं जिकिरीचं, कारण कमी शिजली तरी पंचाईत आणि जास्त शिजली तरी पंचाईत. वाळवणं चिकाटीचं, त्यात अवकाळी पाऊस आला की धावपळ. पोती उचलणं ही हमाली. पीक एकच, पण त्रास किती प्रकारचे, आणि प्रत्येकाला वेगळं नाव!

हेच शब्द अभ्यासाला लावून पाहू या. विषय 'जड' जातो तेव्हा बहुधा पाया कच्चा असतो. बारावीचं कॅलक्युलस राहिलं असेल तर एम-थ्री जड जाणारच. अशा वेळी चार पावलं मागे जाऊन पाया भरून घ्यावा लागतो. 'किचकट' म्हणजे गुंता. एकेक पायरी सोपी असते, पण पायऱ्या फार. तिथे हुशारीपेक्षा क्रम आणि कागद लागतो. 'अवघड' हे घाटातल्या वळणासारखं असतं, एक कल्पना कळली की पुढचा रस्ता मोकळा. तिथे समजावून देणारा कुणीतरी हवा. 'जिकिरीचं' म्हणजे ड्रॉइंग शीट किंवा वर्कशॉपचा जॉब, जिथे हाताची सवय आणि लक्ष हवं. जर्नल उतरवणं 'कंटाळवाणं' असतं, अवघड अजिबात नसतं! आणि शेवटचा शब्द 'बिकट'. बिकट असते परिस्थिती. घरी दोन वर्षं पीक गेलेलं, मेसचं बिल थकलेलं, त्यात बहिणीचं लग्न. असा मुलगाही सरांना "टफ चाललंय" एवढंच सांगतो. सर भले असतात, ते त्याला आणखी एक रेफरन्स बुक सुचवतात. पुस्तकाने त्याचं काय होणार? त्याला माणूस हवा असतो.

म्हणून म्हणतो, शब्द चुकला की औषध चुकतं.

आता जरा 'कष्ट' या शब्दाकडे वळू. संस्कृतात कष्ट म्हणजे दुःख, पीडा. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मराठीत मात्र कष्ट म्हणजे मेहनतही. आणि 'मेहनत' तरी काय? अरबीतून आलेल्या या शब्दाचं मूळ कसोटी, संकट या अर्थाचं. 'श्रम'चा धातू थकण्याचा. म्हणजे आपल्याकडे काम करणं आणि दमणं हे शब्दांतच एकमेकांत मिसळलेलं आहे. तरीही मराठीने एक सोय करून ठेवली आहे, ती क्रियापदांत. कष्ट 'करतो' तो स्वतःहून. कष्ट 'घेतो' तो मन लावून, बऱ्याचदा दुसऱ्यासाठी. कष्ट 'सोसतो' त्याच्यावर ते लादलेले असतात. आणि कष्ट 'उपसतो' त्याचे तर विहिरीच्या पाण्यासारखे संपतच नाहीत. एक नाम आणि चार क्रियापदं, पण चार आयुष्यं डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीतला 'हार्ड वर्क' हे सगळं एकाच मापाने मोजतो.

इंजिनिअरिंगवाल्यांनी तर हा फरक सर्वांत आधी ओळखायला हवा, कारण आपलं शास्त्रच त्यावर उभं आहे. मोंढ्यातला हमाल पन्नास किलोचं पोतं एक मीटर वर उचलून ट्रकमध्ये टाकतो तेव्हा गुरुत्वाविरुद्ध ४९० ज्यूल कार्य होतं. पण तेच पोतं डोक्यावर घेऊन तो सपाट फरशीवरून एका वेगाने शंभर मीटर चालत गेला, तर पोत्याचं वजन पेलणाऱ्या बलाने केलेलं कार्य शून्य! हमालाला हे सांगायला जाऊ नका. त्याचे श्रम शून्य नाहीत, घाम शून्य नाही. पण आपल्यापुरता धडा घ्यायला हरकत नाही: श्रम वेगळे आणि कार्य वेगळं. रात्रभर जागून गाइडची पानं घोकली, सकाळी डोळे लाल. श्रम भरपूर, कार्य किती? ते ज्याचं त्याने मोजावं.

शाळेत मराठी माध्यमात आपण तरफ शिकलो: टेकू, भार आणि बल. इथे आल्यावर तीच तरफ फलक्रम, लोड आणि एफर्ट होऊन भेटते. मुलगा डिक्शनरी उघडतो, एफर्ट म्हणजे 'प्रयत्न'. मग तरफेच्या टोकाला प्रयत्न कसा लावायचा याचा विचार करत बसतो! विषय त्याला आधीच येत होता. अडलं ते नावाशी. याला मी भार म्हणणार नाही, हे घर्षण आहे. भार म्हणजे विषय. तो उचलायलाच आलोय आपण. घर्षण म्हणजे भाषेचा अडथळा. त्याच्यावर खर्च झालेली शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाचा पहिल्या वर्षातला निम्मा जोर या घर्षणात जातो, आणि तो समजतो की आपल्यात दमच नाही. एखाद्या मशीनची कार्यक्षमता कमी आली तर आपण मशीनला नालायक ठरवत नाही, आधी वंगण बघतो. मग माणसाला का ठरवतो?

आपल्या भागाला हे घर्षण नवीन नाही. आपला जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली तिथे उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि उच्च शिक्षण उर्दूतून दिलं जाऊ लागलं. त्यासाठी खास भाषांतर विभाग होता. मोठं काम होतं ते, देशी भाषेत विज्ञान शिकवता येतं हे त्याने दाखवलं. पण मराठी घरातल्या मुलासाठी तीही परकीच भाषा. पणजोबांनी उर्दूशी झुंज दिली, आपण इंग्रजीशी देतो आहोत.

मग मराठी परिभाषा आणली की झालं का? तर तसंही नाही. भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषा कोश काढले, अभियांत्रिकीचेही काढले. त्यांचं ऋण आहेच. पण स्ट्रेसला 'प्रतिबल' आणि स्ट्रेनला 'विकृती' म्हटल्याने सेनगावच्या पोराला काय उजाडणार? एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका शब्द आला. दोन्ही पाठच करायचे!

इथे फिनलंडची गोष्ट सांगावीशी वाटते. आज जेमतेम ५५-५६ लाख वस्तीचा देश. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते, त्या मानाने चिमूटभर. १८०९ पर्यंत तिथे स्वीडनचं राज्य, नंतर रशियाच्या झारचं. कारभार आणि शिक्षण मुख्यतः स्वीडिश भाषेत. १८६३ च्या फर्मानाने फिनिश भाषेला बरोबरीचा हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली. मग त्यांनी शब्द घडवले, आणि तेही आपल्याच घरातल्या मातीतून. विजेचा शब्द १८४५ च्या सुमाराचा, 'सॅह्को'. फुत्कार आणि ठिणगी या अर्थाच्या फिनिश शब्दांवरून जुळवलेला. 'बोलणे' या क्रियापदावरून टेलिफोनला 'पुहेलिन'. कॉम्प्युटर म्हणजे 'तिएतोकोने', सरळ 'माहितीचं यंत्र'. शेतकऱ्याच्या पोरालाही शब्द ऐकताच अंदाज यावा असे.

कष्टाच्या शब्दांतही त्यांची गंमत आहे. त्रासाला ते म्हणतात 'वाइवा'. तोंडी परीक्षेची आठवण झाली ना? आपल्याला 'व्हायवा'चा हा अर्थ कुणी न सांगताच कळला होता! एखाद्या कामासाठी कष्ट घेणं याला ते शब्दशः 'त्रास पाहणं' म्हणतात. आपण कष्ट घेतो, ते पाहतात. आणि त्यांचा जगभर गाजलेला शब्द 'सिसू', म्हणजे हार न मानणारी चिवट धमक. १९३९-४० च्या हिवाळ्यात बलाढ्य सोव्हिएत सैन्यासमोर हा देश उभा राहिला तेव्हा जगाने तो ऐकला. त्याचं मूळ 'आतला भाग, आतडी' या अर्थाचं. त्याचं भाषांतर होत नाही असं म्हणतात. का होत नाही? आपण 'जिगर' म्हणतोच की! फारसीत जिगर म्हणजे यकृत. त्यांचं धैर्य आतड्यात, आपलं यकृतात, एवढाच फरक.

यावर काही मित्र म्हणतील, "कॅम्पस इंटरव्ह्यू इंग्रजीतच होणार ना?" होणार. पेपरही बहुतेकांना इंग्रजीतच लिहायचाय. २०२१ पासून एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला मान्यता दिली, पिंपरी चिंचवडच्या कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटरचा वर्गही सुरू झाला. पण आपल्यातल्या बहुतेकांची गाडी इंग्रजीच्याच रुळावर धावणार आहे. स्ट्रेसला स्ट्रेसच म्हणा, काही बिघडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कळण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा वेगळी असू द्या. दोरी ओढली की दोरी आतून विरोध करते, तो विरोध क्षेत्रफळावर वाटला की झाला स्ट्रेस. हे एकदा मराठीत डोक्यात बसलं, की इंग्रजी व्याख्या पाठ करावी लागत नाही, आपोआप लिहिता येते.

आपल्याच औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत मोजायचा बदल प्रोटॉनपेक्षाही हजारो पटींनी लहान. हे काम जड नाही मित्रहो, जिकिरीचं आहे! तिथे उद्या आपल्यातलं कुणी असावं असं वाटत असेल, तर आजच आपल्या अडचणीचं नाव नीट घ्यायला शिकू.

सरांना आणि मॅडमना विनंती, की विद्यार्थ्याला 'डाउट' मराठीत विचारू द्या. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. रेक्टर सरांनी एखादा पोरगा "टफ चाललंय" म्हणाला तर एक प्रश्न जास्त विचारावा: जड, किचकट, अवघड, की बिकट? आणि आपण मुलांनी उद्यापासून महिनाभर 'टफ' हा शब्द बंद ठेवून बघावा. प्रत्येक वेळी खरा शब्द शोधावा लागेल. सुरुवातीला ते थोडं...

नाही, टफ नाही. जिकिरीचं जाईल.