पिल्लांची हगवण : पहिल्या पाण्यात काय देता?

चाकूर : खुडूक कोंबडीखाली निघालेलं गावरान पिल्लू पहिल्या दिवसापासून आईमागं उकिरडा टोकरतं. आईच्या पोटातले उपयोगी जंतू त्यालाही मिळतात. मशीनमधल्या ब्रॉयलर पिल्लाला आई दिसतच नाही. आतडं रिकामं, तिथं साल्मोनेला आधी घुसला की झालं.

फिनलंडमध्ये १९७१ ला ब्रॉयलर कोंबड्यांत अशीच साल्मोनेलाची साथ आली. तिथल्या नुर्मी आणि रंटाला या दोघांनी पिल्लांना मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू पाजले. १९७३ ला त्यांनी छापलं, की या पिल्लांच्या पोटात साल्मोनेलाला टिकायला जागाच उरत नाही. एसटीत रुमाल टाकून सीट धरावी, तसंच हे.

आपल्याकडं मात्र हगवण दिसली की अँटिबायोटिक. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवायचं औषध कोंबड्यांना इतकं दिलं गेलं, की केंद्राला जुलै २०१९ मध्ये बंदी घालावी लागली.

प्रोबायोटिक पावडर मिळते, पण ती पिल्लं उतरवल्याबरोबर पहिल्या पाण्यातच द्यावी. त्या पाण्यात टीसीएल नको, अँटिबायोटिक तर नकोच. चांगले जंतूही मरतात. शेजारच्या कोंबडीची विष्ठा कालवून पाजायचा जुगाड करू नका, त्यातून रोगच येईल. मानमोडीला लसच लागते. रक्ती हगवणीचा उपचारही वेगळा.

करारावर पिल्लं घेणाऱ्यांनी सुपरवायझरला आधी विचारावं, हॅचरीत अँटिबायोटिक दिलंय का? दिलं असेल तर पावडरीचे पैसे पाण्यात. मर वाढली तर ताजं मेलेलं पिल्लू सरकारी दवाखान्यात दाखवा. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आपल्याच जिल्ह्यात आहे.